दंडावरचा उमेदवार

मदुरैत मतदानाच्या रांगेत चिन्नदुरै आणि त्याची बायको पोन्नी माझ्या पुढेच होती. चिन्नदुरैच्या दंडावर एका नटाचा चेहरा गोंदलेला होता आणि तोच नट, चाहत्यांचा ‘तलैवर’ म्हणजे नेता, यंदा उमेदवार होता. दारात पोलिसाने त्याला अडवलं.

“अण्णा, उमेदवाराचं चित्र आत चालत नाही. दंड झाका.”

“लग्नाआधी गोंदलंय हो! तेव्हा तलैवर फक्त सिनेमात होते.”

“आता निवडणुकीत आहेत ना?”

“अहो, हा रुमाल बांधा आणि चला,” पोन्नी म्हणाली.

“पोन्नी, ज्या चेहऱ्यावर मी दुधाचा अभिषेक करतो, तो झाकू?”

“मग घरी जाऊन अभिषेक करा. मत राहू द्या.”

“बांध बाई. पण तू मत कुणाला देणार?”

“गल्लीत पाणी कधी येणार, एवढंच विचारलं होतं मी. तुमचे तलैवर नुसता हात हलवून गेले.”

“म्हणजे?”

“हलू नका, गाठ घट्ट बसू दे. मी बटण दाबताना त्यांना दिसायला नको.”