पळायला जागा

कळंबच्या एसटीत शिवकन्या खिडकीशी बसली होती. पोलीस भरतीसाठी पळायला बरी जागा शोधून शोधून ती वैतागली होती. पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांचं बोलणं सुरू झालं, तसे तिचे कान टवकारले.

"सिताक्का, नात पळती का अजून भरतीसाठी?"

"पळती की. पण पळावं कुठं? सडकंला उसाच्या ट्रॉल्या. शाळंच्या मैदानात सरपंचाचं हार्वेस्टर उभं."

"सरपंचाला सांगायचं मग."

"सांगितलं. म्हनला, पोरीच्या जातीनं अंगणात पळावं. अन् त्याचंच पोरगं मोटारसायकलवर तिच्या मागं हॉर्न वाजवीत फिरायचं."

"अगं बया. मग?"

"मग मसणवटा धरला. कुंपण हाय, सिमेंटचा रस्ता हाय, वर सोलारचा दिवा. जित्या माणसाला गावात एवढी सोय न्हाय."

"बाईमाणसानं मसणवट्यात जावं का?"

"कुणी जात न्हाय, म्हणून तर बरं. एका पहाटं ते पोरगं तिथनं चाललं हुतं. धुक्यात नुसता पांढरा टी-शर्ट पळताना दिसला, तशी गाडी टाकून घरला पळालं. म्या लगेच गावभर केलं, हडळ हाय, तरण्या पोरांना धरती."

"सरपंचाला पटलं?"

"दर अवसंला फाटकापाशी नारळ ठिवतोय."

"अन् त्या नारळाचं?"

"पळून दमली की फोडून खाती. आता सांगणार हाय, हडळीला खारीक-बदाम लागतेत."

शिवकन्या पुढं वाकली.

"आजी, गाव कुठलं तुमचं? हडळी दोन असल्या तर चालतंय का?"