रिकामं मशीन

काका : तुझी काकू गेल्याचं गल्लीत कळलं, त्या सकाळपासून तुझं रंध्याचं मशीन बंद आहे. आधी मी हात जोडले तेव्हा बंद झालं नाही. आताच कसं झालं?

सुतार : शेजारी माणूस गेल्यावर कसं लावणार?

काका : त्याला आता बरेच दिवस झाले. आणि मागच्या भिंतीला जाड दार टेकवलंयस, आत भुसा भरलेलं. त्यावर बोटभर धूळ आहे. आवाज अडवायची सोय होती तर बसवली का नाहीस?

सुतार : दुकानात डोकावलात?

काका : डोकावलो. उद्या माझ्या तक्रारीवरून पालिकेची माणसं आवाज मोजायला येणार आहेत. म्हटलं, तू काय लपवतोस ते आधी बघावं.

सुतार : दुकानाला कुलूप लागलं तर आम्ही खायचं काय, तेही बघायचंत.

काका : ते नको सांगूस. लाकूड लागलं की मशीनचा आवाज बदलतो. मला कान आहेत. दुपारी तू ते नुसतंच फिरवायचास. खुन्नस नाही तर काय?

सुतार : काकूंनी सांगितलं होतं.

काका : गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं.

सुतार : मग तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी बघा. गजावर उलथन्याचे टवके आहेत. त्या वाजवायच्या, मी बटण दाबायचो.

काका : टवके बघितलेत मी. कशाला वाजवायची?

सुतार : खोकल्यातून रक्त पडायचं. तुम्ही पुढच्या खोलीत. म्हणाल्या, ‘डॉक्टरांनी हात टेकलेत. ह्यांना कळलं तर जेवण सोडतील. तू मशीन लाव, मी मोकळी खोकते.’ दार तयार झालं, तर म्हणाल्या, ‘एवढ्यात नको बसवूस.’

(काका समोरच्या आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळतात.)

काका : आणि मी पुढच्या खोलीतून तुझ्या नावानं ओरडायचो.

सुतार : त्या हसायच्या. ‘ह्यांची छाती अजून शाबूत आहे,’ म्हणायच्या.

काका : मला नाही सांगितलं. तुला सांगितलं.

सुतार : मी परका ना, काका.

काका : खरं सांगतोयस की उद्यासाठी रचलंयस? विचारायला आता ती नाही.

सुतार : नाहीत त्या.

काका : ते दार बसवायला किती माणसं लागतात?

सुतार : दोन. जड आहे.

काका : एका बाजूनं मी धरतो, उद्या ते यायच्या आत बसवू. तक्रार अजून मागे घेतलेली नाही.