बोल्टाखालचा रंग

न्हाई न्हाई, थांबा मेस्त्री — तो पॉलिश पेपर जरा खाली ठेवा. घासू नका आत्ता. चहा येऊन राहिला, बसा — लातूरहून सकाळच्या गाडीनं आलाव, उपाशीच आला असाल. हे बघा, आमचा रुद्रेश आत पूजेला बसलाय. इष्टलिंग हातावर घेतलं की मधी उठत न्हाई, बोलत न्हाई, तवर आपल्याला बोलता येतंय. फोन त्यानंच केलता ना तुम्हाला? त्यानंच. हे गाडीच्या वायरींचं किटबी त्यानंच मागवलं — मोबाइल वाचून दाखवतो, ह्यो कान लावून ऐकतो, बोट लावतो. पार्सल आलं त्या दिवशी एकेक वायर मांडीवर घेऊन चाचपत बसला. म्हणला, अप्पा, हिचा रंग कसला? म्हणलं, निळा. तर हसला. लई दिवसांनी हसला बघा.

तुम्ही आत्ता सांगितलं ते मी परत म्हणतो, चुकलो तर धरा — मी कापडवाला माणूस, मला काय कळतंय. करंट बॅटरीतून जातो तसा त्याला परत यायला वाट लागती, ती वाट म्हणजे अर्थिंग. जुन्या गाडीत ती वाट खराब होती, म्हणून ह्या नव्या वायरी — काही बॉडीला, एक जाडी इंजिनाला. आन् वायरीच्या कडीखाली कोरं लोखंड पायजे, मधी रंग ऱ्हायला की करंट अडतो. बरुबर? हां. तर तो रंग माझाच हाय, मेस्त्री. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, रुद्रेशच्या डोळ्यामागची नस वाळली, आता उजेड येणार न्हाई — आन् मी येडा, पोरगं घरी येणार म्हणून त्याची गाडी रंगवून ठेवली. लई जीव त्याचा हिच्यावर. उभ्या उदगिरात दोन दारांची, असली ठेंगणी गाडी एकच. पेंटरला म्हणलं, बोनेटच्या आतबी एक जागा सोडू नको. त्यानं बोल्ट काढले, खालून रंग मारला, इंजिनाला चांदीचा रंग मारला, परत आवळलं. ज्याला दिसत न्हाई त्याच्यासाठी रंग — कमलम्मा, म्हणजे त्याची आई, रडता रडता हसली होती तवा.

मग सांजचं गाडीत जाऊन बसायचा. स्टेअरिंगवर हात ठिवून. सेल्फ मारायचा — कधी उठायची, कधी न्हाई — उठली की डोळे मिटून ऐकत बसायचा. डोळे मिटून, बघा आता, त्याला मिटलं काय आन् उघडं काय. मागल्या महिन्यात गाडी गेटाबाहेर गेली ते ऐकलं असंल तुम्ही, चहाच्या टपरीवर कुणीबी सांगंल. गेअर चुकून पडला, गेट उघडं ऱ्हायलं होतं — मीच सांगितलं तसं समद्यांना. शेजारच्या शेषेरावनं दोनदा इचारलं, दोनदा तेच सांगितलं. — कुठलं उघडं, मेस्त्री. गेटाला आतून कडी असती, मी स्वतः लावतो. त्यानं गाडीतून उतरून, भितीला हात लावत जाऊन ती कडी काढली. दोन्ही फाटकं मागं लोटली, परत येऊ नयेत म्हणून त्यांना दगड लावले. दगड लावले हो! मी गच्चीवरून बघून राहिलो होतो, मला वाटलं वारं घ्यायला उघडून ऱ्हायला. मग येऊन बसला आन् गाडी काढली. समोर नांदेड रोड, सोयाबीनचे ट्रक एकामागं एक. मी जिन्यावरून खाली पळालो. रोडच्या तोंडाशी गेली आन् बंद पडली गाडी, आपोआप. परत परत सेल्फ मारला त्यानं — निस्तं कट् कट्. त्या रंगानं वाचलं माझं पोरगं. हे मी कमलम्मालाबी बोललो न्हाई. तुम्हाला कामून बोललो काय म्हाईत.

किल्ली लपवा म्हणताव? लपवली होती की. जेवणच सोडलं त्यानं, भितीकडं तोंड करून पडला. समजावलं, सासरहून बहिणीला बोलवून घेतलं, डॉक्टरच्या गोळ्याबी झाल्या — हां हां म्हणतो, गिळतो, परत भितीकडं तोंड. मग एक दिवस आपणहून उठला, म्हणला, अप्पा, दोष अर्थिंगचा हाय, मी हुडकला. किल्ली मागितली, मी दिली. तवापास्नं आंघोळ करतो, पूजेला बसतो, दोन घास खातो. आता तुम्ही म्हणताव पेपर मारतो, गाडी एका हाकेत उठंल. त्याचीच तर मला भीती हाय.

तर माझं ऐका. समद्या वायरी बसवा, एकसारख्या, देखण्या — तो हातानं बघणार. बॉडीच्या घासा, रेडिओ लागू द्या, हॉर्न वाजू द्या. निस्ती इंजिनाची तेवढी रंगावरच आवळा. सेल्फ उठणार न्हाई, तो म्हणंल अजून कुठंतरी दोष हाय. बसंल हुडकत. परत तुम्हाला बोलवंल, तुम्ही या, हे सोडा, ते बांधा. हुडकंल तवर हाय तो. असं लई दिवस चालणार न्हाई, ते कळतं मला. तो हुशार हाय, माझ्यापेक्षा तर लईच. पण जितकं चालंल तितकं. तुम्हाला लेकरं असतील ना? — मग असं बघू नका माझ्याकडं. आवळा.

हां. अजून थोडी. बास.

रुद्रेश? झाली का पूजा? ये बाबा, खाली पायरी हाय, हां — असा ये. मेस्त्रींनी बसवल्या बघ समद्या, लई झाक काम केलंय. लाव हात. ही बॉडीची. हीबी बॉडीची, त्या बाजूची. रेडिओ लाव की, रेडिओ कसा खणखणीत — बरं, वायरी बघ आधी. ती इंजिनाची हाय, ती झाली, तिथं ग्रीस हाय, हात भरंल तुझा. — काय झालं? न्हाई, तिथं काय न्हाई. अरे, कडीखाली नख कामून लावून राहिला? रुद्रेश. बाळा, नख नको लावू.

मेस्त्री, तुम्ही जावा आता.