जून आला की घर सोडायचं

तळ्याकाठच्या चोल्पोन-अता गावाहून निघालेल्या मिनीबसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक नर्स गाठोडं घेऊन बसली होती. शेजारी तिची घरमालकीण बुरुलचा, तिला पोचवायला आलेली.

"एवढं मोठं गाठोडं, अय्झिरेक?"

"दरवर्षीचंच, बुरुलचा आपा. तळ्यावर उन्हाळ्याचे जास्त पैसे देणारे पाहुणे आले की आम्ही भाडेकरू बाहेर. पण यंदा सप्टेंबरात मी परत येणार नाही. दुसरं घर बघितलंय. तिथे बारा महिने राहू देतात."

"तळं दिसतं?"

"भिंत दिसते."

"आणि तुझा तो पाणचट चहा तिथे कोण पिणार?"

"नावं ठेवत तीन-तीन वाट्या पिता की तुम्ही!"

"नावं ठेवल्याशिवाय तो घशाखाली उतरत नाही... यंदा तुझी खोली पाहुण्यांना द्यायची नाही म्हणते मी."

"मग पाहुणे कुठे राहणार?"

"खाली, माझ्या घरात."

"आणि तुम्ही?"

"वर, तुझ्याकडे."

"माझ्याकडे एकच पलंग आहे, आपा."

"तो मला. तू झोप खाली, तरुण आहेस."

"म्हणजे भाडं माझं आणि पलंग तुमचा?"

"पलंगही माझाच आहे, विसरू नकोस."

"घोरता तुम्ही. खालून वर ऐकू येतं मला."

"मग आता जवळून ऐक."

बस बाजाराशी वळली.

"दादा, थांबवा जरा. आम्हा दोघींना उतरायचंय."

"अगं, इथे कशाला?"

"गादी घ्यायला. जमिनीवर नुसती झोपू का मी?"