कागदी रुमालाचं सोवळं

शिवलीला : पंखा बंद केला, खिडकी लावली, तोंडाला मास्क बांधला. मग जंतू शिरलं कुठनं, अज्जा?

भीमाचार्य : तेच मी तुला विचारतोय. तू नर्स. मी तर कोपरापर्यंत हात धुतो, साबण लावून.

शिवलीला : अन् पुसता कशानं?

भीमाचार्य : सोवळ्याच्या पंच्यानं. त्याला घरात कुणी शिवत नाही.

वसुमती : मीसुद्धा नाही हं! लग्न झाल्यापासून तो पंचा वर दांडीवर आणि मी खाली. काठीनं काढतात.

शिवलीला : ऊन लागतंय का त्याला, अक्का?

वसुमती : कुठलं ऊन? राजाजीनगरात चारी अंगांनी मजले उठलेत. स्वल्प दमट असतोच.

शिवलीला : सापडलं की! दमट कापडात जंतू बसत्यात. तिथनं हाताला, हातावरनं पोटाला बसवलेल्या नळीच्या तोंडाला, अन् सरळ पोटात. किडन्या बंद पडल्यापासनं नळीतनं पोटात पाणी भरतो, अन् पोटाचं आतलं अस्तरच तुमचं रक्त गाळतंय. त्यालाच सूज आली. म्हणून पोट दुखलं, अन् पिशवीत पाणी आलं ते तांदूळ धुतल्यासारखं.

भीमाचार्य : म्हणजे माझं सोवळं जंतूंना कळलंच नाही.

वसुमती : बायकोला एवढी वर्षं लांब ठेवलंत, आणि त्यांना मात्र पोटात घेतलंत!

शिवलीला : भांडण नंतर. औषध पिशवीत घालायला लागून चार दिवस झालं. आजबी पाणी गढूळच आलं, तर डॉक्टर नळी काढणार. मग एक दिवसाआड दवाखान्यात, रक्त गाळायला मशीनवर.

भीमाचार्य : आणि संहिताचं लग्न? नातीला शब्द दिलाय मी, धारवाडला येऊन मंगलाष्टकं मीच म्हणणार म्हणून.

शिवलीला : नळी राहिली तर पिशव्या गाडीत टाका अन् जावा. गेली तर अवघड आहे, अज्जा.

वसुमती : म्हणाल हो तुम्ही. आधी पिशवी तर लावू दे.

शिवलीला : आजपासनं तुम्ही लावायची, अक्का. यांचं हात कापत्यात.

भीमाचार्य : ही? हिला घाई फार!

वसुमती : सरी, असू दे घाई, तुम्ही गप्प पडून राहा. हात धुतले गं. आता?

शिवलीला : कागदी रुमालानं कोरडं करा. आता कशालाच शिवायचं नाही. चष्म्याला नाही, पदराला नाही, अज्जांना तर नाहीच.

वसुमती : अय्यो, हे तर सोवळंच झालं की!

शिवलीला : तेच की. फक्त पंचा नाही.

भीमाचार्य : वसुमती, पदर घसरतोय. थांब, मी सावरतो.

वसुमती : शिवू नका मला! अगबाई, काय बरं वाटलं म्हणून सांगू. जन्मभर ऐकलं, आज म्हणायला मिळालं.

(वसुमती नळीला पिशवी जोडते. पोटातलं पाणी नळीतून हळूहळू खालच्या पिशवीत उतरतं.)

शिवलीला : भरली. आता पिशवीच्या मागं छापील काहीतरी धरायचं. आरपार वाचता आलं तर पाणी नितळ. ही लग्नाची पत्रिका धरते. वाचा, अज्जा.

भीमाचार्य : मला भीती वाटते गं. तूच वाच.

वसुमती : वाचा म्हणते ना. मी इथंच आहे.

भीमाचार्य : ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी संहिता...’

शिवलीला : ती अक्षरं मोठी. खालचं बारीक वाचा.

भीमाचार्य : ‘आपल्या आगमनाची वाट पाहणारे, सौ. वसुमती आणि...’ दिसतंय! सगळं दिसतंय!

शिवलीला : नळी राहिली! थोडं पाणी लॅबला नेते, अन् औषध मात्र पुरतं करायचं. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही.

भीमाचार्य : ऐकलंस, वसुमती? धारवाड! अगं, हात दे इकडे.

वसुमती : थांबा! ताजं पाणी पोटात जायचंय अजून. नळीला टोपण लावायचंय.

भीमाचार्य : किती वेळ?

वसुमती : मी किती थांबले, विचारलंत कधी? पडा गप्प.

शिवलीला : ताजं पाणी गेलं आत, अक्का. आता पिशवी सोडवा. टोपण घट्ट फिरवा. हां, बरोबर.

भीमाचार्य : झालं?

वसुमती : झालं. आता शिवा.