पाण्याला दोन रेघा

...नाही, पण मी म्हणतो, पाणी मादी कसं असेल? तुम्हीच सांगा! आमच्या लॅबचं काम काय, तर पोपटांची पिसं तपासायची. कित्येक पोपट नर की मादी हे वरून कळतच नाही हो, चार-चार वर्षं जोडी पाळून अंडं नाही म्हणून माणसं रडत येतात! मग आम्ही पिसाच्या बुडातून डीएनए काढायचा, यंत्रात घालायचा, शेवटी रेघा बघायच्या. एक रेघ, नर. दोन रेघा, मादी. आणि दर खेपेला एका नळीत डीएनएच्या जागी नुसतं पाणी. तिथे रेघ येताच कामा नये. आली, की सगळी खेप कचऱ्यात. आणि माझ्या पाण्याला दोन रेघा! पाण्याला!

आमच्या लॅबच्या प्रमुख बाईंनी चष्मा खाली ओढला. "पुन्हा? तिसऱ्यांदा? अजून एकदा रेघ दिसली तर कायम व्हायचं विसरा, घरी बसा." घरी! घरी कोण बसलंय ठाऊक आहे? सासूबाई. आणि त्यांचा राखाडी पोपट, राजा. अकरा वर्षं एकच पालुपद, "या घरात पुरुष म्हणाल तर एकटा आमचा राजा!" अहो, मी समोर जेवत असतो!

आणि ते यंत्र... तुम्हाला सांगतो, इतकं आज्ञाधारक असू नये कुणी. पंच्याण्णव अंशांवर तापवतं, डीएनएचे दोन धागे सुटे होतात. मग थंड करतं, की आपण घातलेले चिमुकले तुकडे, प्रायमर म्हणतात त्यांना, हव्या त्या भागाच्या दोन्ही टोकांना जाऊन चिकटतात. नक्कल इथून इथपर्यंत, बाकीचं नको! मग बहात्तर अंशांवर एक एन्झाइम, एवढ्या उष्णतेतही न मरणारं, प्रत्येक धाग्यासमोर नवा धागा जोडतं. एकाचे दोन. पुन्हा तापव, पुन्हा थंड कर... दोनाचे चार, चाराचे आठ... तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटी! पण बाबा रे, हा एक आला कुठून, हे विचारशील? छे! नजरेला न दिसणारा कण पडला, की हा बसला नकला काढत!

त्या तिन्ही खेपांत मी पाणी बदललं, नळ्या बदलल्या, टेबल घासलं, श्वास रोखून थेंब टाकले. पाण्याला दोन रेघा! डोकं फुटायची वेळ आली.

परवा घरी लॅबचा कोट शोधत गॅलरीत गेलो, तर माझा धुतलेला पांढरा कोट पिंजऱ्यावर पसरलेला, आत राजा पंख फडफडवतोय, पांढरा भुगा उडतोय! "सासूबाई, हे काय?" "राजाला ऊन लागतं." "रोज?" "ऊन रोजच असतं, जावईबापू."

म्हणजे राजाच्या पिसांचा भुगा माझ्या कोटावरून थेट पाण्याच्या नळीत! नवा कोट घेतला, तो लॅबमध्येच ठेवला. चौथी खेप लावली... पाणी कोरं! शेजारच्या नळीत खात्रीसाठी राजाचं गळलेलं पीस घातलं होतं. बाई वाकून बघतात तो काय, दोन रेघा! "ही कोण?" "सासूबाईंचा राजा." बाई इतक्या हसल्या की हसत हसतच माझ्या कायम होण्याच्या कागदावर सही केली.

म्हणजे बघा, अकरा वर्षं त्या घरात पुरुष मी एकटाच होतो! रिपोर्ट आहे, रेघा आहेत, बाईंचा शिक्का आहे. ताठ मानेने घरी गेलो. सासूबाई म्हणाल्या, "आलात? आधी राजाला दाणे घाला."

घातले. रिपोर्ट अजून खिशातच आहे. सांगायला छाती लागते हो... आणि ती, सासूबाई म्हणतात, या घरात फक्त राजाला आहे.