एकवीस बैठका

ऋजुता : खोटं बोलू नका, नाना. बाथरूममध्ये पाय घसरला तर माणूस पाठीवर पडतो. तुमचे गुडघे सोललेत.

नाना : तू फिजिओवाली आहेस की थानेदार?

ऋजुता : नशीब, हाड शाबूत आहे. काय करत होतात सकाळी?

नाना : बैठका.

ऋजुता : काय?

नाना : बैठका मारत होतो! सूनबाई भाजी घ्यायला खाली गेली, ती आयाबाई बेबी अजून यायची होती. मौका मिळाला, शुरू केलं.

ऋजुता : लकव्याला तीन महिने नाही झाले. डावा पाय फरफटतोय अजून, आणि बैठका? किती मारणार होतात?

नाना : एकवीस. आमच्या अखाड्यात त्याच्या खाली गिनतीच नाही. वीसवर थांबलास तर घरी जा, लाडू खा. चाळीस साल उस्ताद होतो मी. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत झांकीपुढे जी पोरं लाठी फिरवतात ना, त्यांच्या बापांना जाऊन विचार, नाना कोण ते.

ऋजुता : आणि आज किती झाल्या उस्तादांच्या?

नाना : पहिलीत खाली गेलो.

ऋजुता : मग?

नाना : मग काय? गेलो तो गेलोच.

ऋजुता : वा! खुबा मोडला असता तर सहा महिने पलंगावर काढले असते. आणि डाव्या हाताने चेंडू दाबा म्हटलं तर तो पलंगाखाली फेकता.

नाना : फेकणारच. स्पंजचा चेंडू! याला व्यायाम म्हणतात का? आमच्या घरचे बेसनाचे लाडू याहून कडक असायचे. नाशिकला हेच शिकवलं तुला? आजकाल सगळंच पोचट. खाली त्या जिममध्ये जा, एका हातात प्रोटीनचा डबा, दुसऱ्या हातात कचोरी. आणि दिवसभर आरशात दंड बघत बसतात नालायक.

ऋजुता : ते आरशात बघतात, तुम्ही जुन्या फोटोत. फरक काय?

नाना : ए पोरी, जबान सांभाळ.

ऋजुता : नाही सांभाळत. आज पडलात, उद्या खरंच काही मोडलं की बेबी आंघोळ तर घालेलच, बाकीचंही सगळं पलंगावरच...

नाना : बेबीचं नाव काढू नको!

ऋजुता : का? भली बाई आहे.

नाना : भली आहे म्हणूनच. रोज म्हणते, दादाजी, हाथ ऊपर. दादाजी, पलटो. अरे, परकी बाई मला साबण लावते आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा! शरम वाटते गं. रोज वाटते. मेलेलं बरं, असं वाटतं. मला माझी आंघोळ स्वतः करायची आहे. बस. दुसरं काही नको. आणि तू चेंडू दाबायला लावते!

ऋजुता : हे आज बोलताय? पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुम्हाला काय जमायला हवंय. तुम्ही म्हणालात, शंभर दंड.

नाना : मग काय सांगायचं होतं? उस्ताद म्हणतात मला. एकट्याने न्हायचंय म्हणून सांगू? ते तर चार सालची पोरं सांगतात.

ऋजुता : चार वर्षांच्या पोरांना तुमच्यापेक्षा जास्त अक्कल असते. न्हायला काय लागतं, सांगा. स्टुलावरून उठायला लागतं, आणि डाव्या हाताला साबण धरता यायला लागतो. तो हात चेंडू दाबेल तेव्हाच साबण धरेल. तोवर बेबीच धरणार.

नाना : हे आधी नाही बोलता आलं?

ऋजुता : बोलू देता कुठे? मी दारात पाय ठेवला की तुमचा अखाडा सुरू.

नाना : हं.

ऋजुता : चला, खुर्चीच्या काठावर या. मी समोर आहे. पाय मागे घ्या, पुढे झुका, उठा. हात टेकायचे नाहीत.

नाना : ही काय कसरत झाली? खुर्चीवरून तर आमची शेजारची मनोरमाबाईही उठते. नव्वदची आहे.

ऋजुता : मग तिच्याइतकं तरी करून दाखवा.

(खुर्ची दोनदा करकरते.)

नाना : थू! नाही होत.

ऋजुता : डाव्या पायावर भार टाकत नाही तुम्ही. भिताय.

नाना : कोण भितो? हट... हट... हं!

ऋजुता : उभे आहात.

नाना : दिसतंय मला. बोलू नको, तोल जाईल.

ऋजुता : आता हळूच बसा. धपकन नाही. हां. दम घ्या आणि पुन्हा.

नाना : आणखी किती?

ऋजुता : अशा तीन बैठका जमल्या तर आज स्टुलावर बसून अंगावर पाणी तुम्ही घ्यायचं. मी आणि सूनबाई दाराबाहेर. बेबीला आज स्वयंपाकघरात पाठवू.

नाना : खरं बोलतेस?

ऋजुता : तीन, नाना. एकवीस नाही. आणि साबण पडला तर वाकायचं नाही, हाक मारायची.

नाना : मारीन. दार?

ऋजुता : ओढून घ्या. कडी लावायची नाही.

नाना : नाही लावत. पण मी हाक मारेपर्यंत आत कुणी यायचं नाही.